विनोबांचे मोजके अन्न

नागपुराहून वर्ध्याच्या रस्त्याला लागले की मिहान येते. तेथील एम्स रुग्णालयात साखर, रक्तदाब, पोटाचे दुखणे घेऊन माणसे रांग धरतात. त्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेले आपले वारकरीही असतात. आम्ही मांसमच्छी कधीच सोडली, मग आमच्याच वाट्याला हे का, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याच रस्त्याने पुढे, वर्धा येण्याच्या आधी, धाम नदीच्या काठी पवनार आहे. तेथे राहिलेल्या आचार्य विनोबांच्या चरित्रात याचे उत्तर आम्हांला सापडते.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे गावी झाला. आई रुक्मिणीबाई मोठी भाविक. संतांची वाणी त्यांनी आईच्या तोंडूनच प्रथम ऐकली. तिला संस्कृत गीता कळेना, तिच्यासारख्यांसाठी पुढे त्यांनी ‘गीताई’ रचली. १९१६ मध्ये ते गांधीजींजवळ गेले आणि १९२१ मध्ये वर्ध्यास आले.

कष्ट अतोनात, देह मुळातच नाजूक. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर, म्हणजे अवघ्या चाळीस किलोंवर आले. गांधीजींना काळजी लागली. तेव्हा विनोबा जमनालाल बजाजांच्या पवनारच्या रिकाम्या बंगल्यात राहायला गेले. धामेचा पूल ओलांडताना, आपण सारे सोडले, असा संकल्प त्यांनी तीनदा केला. चिंता अलीकडच्या तीरावर राहिली. मग रोज शेतात थोडे थोडे खणायचे, मोजके खायचे, पुरती विश्रांती घ्यायची. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले! त्याच खणण्यात भरत-रामभेटीची प्राचीन मूर्ती सापडली, हा देवाचा प्रसादच म्हणायचा.

तरी पोटातला व्रण काही सुटला नाही. त्याला सांभाळूनच ते जगले. दूध-दही, जरासा गूळ नाहीतर मध, तेही मापाने. एवढ्या आहारावर १९५१ ते १९६४ अशी तेरा वर्षे भूदानासाठी हा माणूस देशभर पायी हिंडला. १९५८ मध्ये सर्वधर्मीय सोबत्यांसह पंढरीला जाऊन विठ्ठलाचे दर्शनही घेतले.

पण एक गोष्ट विसरू नये. १९५२ च्या डिसेंबरात बिहारातील चांडिल येथे त्यांना जबर हिवताप झाला. औषध नको, असा त्यांचा हट्ट होता. लोकांनी फार विनवले, तेव्हा त्यांनी औषध घेतले आणि जीव वाचला. शेवटी १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर मात्र त्यांनी अन्न-औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. सत्त्याऐंशी वर्षे जगलेल्या विरक्ताचा तो निर्णय. प्रापंचिकाने त्याची नक्कल करू नये. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील दोन डॉक्टरांना पोटाच्या व्रणामागचा जंतू वाढवून दाखवता आला. आज त्यावर औषध आहे. नुसत्या दुधावर तो व्रण बरा होत नाही.

तर माळकऱ्यांनो, मांस सुटले हे चांगलेच झाले. पण तळण, साखर आणि ताटाचे माप सुटले का? एकादशीला दोन ताटल्या साबुदाणा आणि वर चार पेढे, याला उपास म्हणायचे कसे? साखरेच्या रोग्याला तर तो अपायच. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हे आपले घरचेच अन्न. ते बेताने खावे, रोज चालावे, आणि डॉक्टरांची गोळी वारीतही चुकवू नये. उपास करायचा तर आधी त्यांना विचारावे. दुखणे कदाचित जायचे नाही, पण विनोबांसारखे त्याला सोबत घेऊन चालता येते. वारी पायांनी होते, आणि ते पाय ताटातल्या अन्नावरच चालतात. रामकृष्ण हरी!