विधवेच्या नावाची बाटली

आपल्या आदिलाबादेत द्राक्षाची बाग शोधायला निघालात तर पैनगंगेपर्यंत जाल आणि कापूस, तूर, सोयाबीन बघत परत याल. मग फसफसणाऱ्या वाइनवरचा लेख आपल्या ई-मासिकात कशाला, असं कुणीतरी विचारणारच. आधीच सांगतो, हा लेख पिण्याबद्दल नाही. एका घरच्या धंद्याबद्दल आहे, आणि वयाच्या २७ व्या वर्षी नवरा गेल्यावर तो धंदा हातात घेणाऱ्या एका बाईबद्दल आहे. नवरा गेल्यावर शेत कुणी करायचं, कर्ज कुणी फेडायचं, पट्टा कुणाच्या नावावर चढवायचा, हे प्रश्न आपल्या कापसाच्या पट्ट्यात किती घरांत उभे राहिले हे मी तुम्हांला सांगायला नको. म्हणून ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट मला परकी वाटली नाही.

बार्ब-निकोल पोन्सार्दां हिचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी फ्रान्समधल्या रीम्स शहरात झाला. हे शहर शँपेन नावाच्या प्रांतात आहे. त्या प्रांतावरूनच तिथल्या फेसाळ वाइनला शँपेन म्हणतात. वडील कापडाचे मोठे कारखानदार. पोरगी ११ वर्षांची असताना, १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांती पेटली. श्रीमंतांची आणि चर्चची धडगत राहिली नाही. ती तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकत होती. घरच्या शिंपिणीने तिला गरिबाघरचे कपडे घालून शहरातून गुपचूप बाहेर काढलं, अशी कथा सांगतात. वडील मात्र वारा ओळखणारे. क्रांतीत क्रांतिकारकांबरोबर राहिले, पुढे नेपोलियनच्या काळात रीम्सचे महापौर झाले आणि बॅरनही.

१७९८ च्या जूनमध्ये तिचं लग्न फ्रान्स्वा क्लिको याच्याशी झालं. उघड धार्मिक विधी करायची तेव्हा अजून सोय नव्हती, म्हणून लग्न तळघरात लागलं असं सांगतात. पुढचं सगळं आयुष्य तळघरातच जाणार होतं, तर सुरुवातही तिथेच झाली म्हणायची. सासरे फिलीप क्लिको यांचा मुख्य धंदा कापडाचा आणि सावकारीचा. १७७२ पासून त्यांनी जोडीला थोडी वाइनची विक्री सुरू केली होती. घरच्या काही द्राक्षबागा होत्या, बाकी माल इतरांकडून घ्यायचा. फ्रान्स्वाला मात्र वाइनचंच वेड. तो ऑर्डरी मिळवायला जर्मनी-स्वित्झर्लंडकडे फिरला. त्याच प्रवासात त्याला लुई बोन नावाचा एक हुशार जर्मन विक्रेता भेटला. नवराबायको दोघं बागांतून हिंडायची, दोघं मिळून शिकायची. १७९९ ला मुलगी झाली, क्लेमांतीन.

आणि १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्स्वा गेला. तापाने गेला असं सांगण्यात आलं. पण धंदा नीट चालत नव्हता, युद्धामुळे बाजार बंद पडत होते, आणि त्याने स्वतःच जीव दिला अशी कुजबुज शहरात सुरू झाली. खरंखोटं आज कुणी ठरवू शकत नाही. पण आपल्याकडच्या माणसाला ती कुजबुज ओळखू येते. मेलेला सुटतो, कुजबुज मागे राहिलेल्या बाईला ऐकावी लागते.

एकुलता एक मुलगा गेला तसे सासरे खचले. वाइनचं काम बंद करायचं त्यांनी ठरवलं. सहा वर्षांची मुलगी असलेली सून अशा वेळी काय करते? एक तर माहेरी जाते, नाहीतर दुसरं लग्न करते. इथे कायद्याची एक गंमत बघा. १८०४ साली नेपोलियनचा नवा नागरी कायदा आला होता. त्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्या हुकमतीत. त्याच्या परवानगीशिवाय तिला करार करता येत नसे. विधवेला मात्र स्वतःची मालमत्ता स्वतः बघता यायची, सही करता यायची. म्हणजे ज्या गोष्टीने तिचं घर मोडलं त्याच गोष्टीने तिला सहीचा अधिकार दिला. बार्ब-निकोल सासऱ्यांकडे गेली आणि धंदा मला चालवू द्या म्हणून हट्ट धरून बसली. सासऱ्यांनी ऐकलं, पण अट घातली. आधी जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायचं. म्हणून आलेक्सांद्र फूर्नो या अनुभवी वाइनवाल्याबरोबर चार वर्षांची भागीदारी झाली. फ्रेंचमध्ये विधवेला व्हव म्हणतात. कंपनीच्या नावात तो शब्द तिने उघड घातला, व्हव क्लिको, म्हणजे विधवा क्लिको. आपल्याकडे जो शब्द लग्नाच्या मांडवात तोंडातून काढत नाहीत, तो तिने मालावर लावला.

आता हे काम असतं काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे सकाळी उतरवलेली ताडी दुपारपर्यंत फसफसते. मोहाची फुलं भिजत घातली की फेस धरतात. कारण एकच. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खातात, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. उघड्या भांड्यातून हा वायू उडून जातो. शँपेनमध्ये युक्ती अशी, की एकदा आंबवून तयार झालेली वाइन बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली गार तळघरात आडवी ठेवायची. दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया बाटलीतच होते आणि वायू आतच कोंडतो. हा दाब हवेच्या दाबाच्या सहापट भरतो. त्या काळातली काच कच्ची. उन्हाळा लागला की तळघरात बाटल्या एकामागून एक फुटायच्या. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत जायचे.

हा फेस दोम पेरिन्यों या संन्याशाने शोधला असं आपण कुठेतरी वाचलेलं असतं. मिस्सेला वाइन लागायची म्हणून मठांच्या बागा असत. १६६८ पासून ओव्हिलेर मठाचं कोठार त्यांच्याकडे होतं. पण त्यांनी उलट वाइनमध्ये फेस येऊ नये म्हणून खटपट केली. त्यांचं खरं काम वेगवेगळ्या बागांच्या द्राक्षांचा मेळ घालण्यात होतं.

बार्ब-निकोलची पहिली वर्षं वाईट गेली. नेपोलियनची युद्धं, समुद्रावर इंग्रजांची नाकेबंदी, माल बंदरांत अडकून खराब. १८१० ला भागीदारीची मुदत संपली आणि फूर्नो बाजूला झाले. ती एकटी राहिली, सोबत विक्रीला लुई बोन. या धंद्यात पैसा अडकून पडतो. वेल लावल्यावर तिसऱ्या वर्षी कुठे द्राक्षं येतात, वाइन वर्ष-दोन वर्षं तळघरात पडून राहते, आणि मजूर, काच, बुचं यांचे पैसे मात्र आधीच द्यावे लागतात. कापसासारखं जिनिंगला गाडी नेली आणि पैसे घेतले, असं इथे नाही.

१८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या हंगामात द्राक्षंही अप्रतिम आली. पण विकायची कुठे? सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक रशिया, आणि रशियाशीच युद्ध. १८१४ च्या सुरुवातीला रशियन सैन्य रीम्समध्ये शिरलं. शहरातल्या तळघरांवर शिपायांची नजर पडलीच. पण त्याच सैनिकांनी तिच्या वाइनची चव घरी नेली, असंही म्हणतात.

त्या एप्रिलमध्ये नेपोलियन पायउतार झाला. बाकीचे व्यापारी रशियाचे दरवाजे अधिकृतपणे कधी उघडतात याची वाट बघत बसले. तिने वाट बघितली नाही. एक डच जहाज गुपचूप भाड्याने घेतलं आणि १८११ च्या त्या हंगामाच्या १०,५५० बाटल्या रूआन बंदरातून जून महिन्यात बाल्टिक समुद्राकडे रवाना केल्या. जहाज बुडालं असतं, माल जप्त झाला असता, तर घर उठलं असतं. बाटल्या केनिग्सबर्गला सुखरूप पोचल्या आणि हातोहात गेल्या. पाठोपाठ दुसरी खेप गेली. इतरांची जहाजं निघेपर्यंत रशियात क्लिको हेच शँपेनचं नाव होऊन बसलं.

आता अडचण उलटी झाली. मागणी आहे, माल नाही. बाटलीत दुसऱ्यांदा आंबल्यावर मेलेल्या यीस्टचा साका खाली बसतो आणि वाइन गढूळ दिसते. तो काढायचा तर एका बाटलीतून दुसरीत ओतायचं. त्यात वेळ जायचा, वाइन सांडायची, फेसही उडून जायचा. १८१६ च्या सुमारास तिने स्वयंपाकघरातलं एक टेबल तळघरात आणून त्याला तिरकी भोकं पाडली असं सांगतात. बाटल्या मानेवर, तोंड खाली करून त्यांत ठेवायच्या आणि रोज थोडीथोडी फिरवायची. सहा-आठ आठवड्यांत सगळा साका बुचापाशी येतो. मग बूच झटकन उघडलं की साका दाबाने बाहेर, वाइन स्वच्छ, फेस जागच्या जागी. जुन्या कामगारांचा यावर विश्वास नव्हता. तळघराचा प्रमुख आंत्वान म्युलर याने मात्र साथ दिली आणि पद्धत नीट बसवली. जगभर अजून काही ठिकाणी हाताने बाटल्या फिरवतात, बहुतेक ठिकाणी ते यंत्राने होतं, पण तत्त्व तेच. १८१८ ला, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्या वर्षी, तिने तांबडी वाइन मिसळून गुलाबी शँपेन केली.

सगळं सोन्याचं झालं असं समजू नका. तिने मध्येच बँकेचा धंदाही काढला आणि तो अंगाशी आला. १८२८ साली पॅरिसची एक बँक बुडाली तेव्हा तिची कंपनी त्याबरोबर जायची वेळ आली. १८२१ ला साधा नोकर म्हणून आलेल्या एदुआर वेर्लेने स्वतःचा पैसा घालून घर सावरलं. पुढे तो भागीदार झाला. तिचाच दुसरा एक माणूस, गेओर्ग केसलर, जर्मनीत परत गेला आणि १८२६ ला एसलिंगेन गावात त्याने स्वतःची फेसाळ वाइन सुरू केली. ते घर आजही चालू आहे.

तिने पुन्हा लग्न केलं नाही. १८४१ ला, ६३ व्या वर्षी, रोजचा कारभार तिने वेर्लेच्या हाती दिला. मुलगी आणि खर्चिक जावई यांना तिने वाडा दिला, पैसा दिला, धंदा दिला नाही. मला वाचताना हे खटकलं. ज्या बाईने स्वतःसाठी दार उघडलं तिने ते लेकीसाठी उघडं का ठेवलं नाही? कदाचित तिला लेकीचा संसार वेगळा हवा असेल, कदाचित धंदा घरच्यांच्या हातात बुडतो हे तिने पाहिलं असेल. आपण तिला देवी करायची गरज नाही. २९ जुलै १८६६ रोजी, ८८ व्या वर्षी ती गेली. २०१० साली बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. त्यांतल्या कित्येक तिच्या घरच्या होत्या, आणि दीडेकशे वर्षांनंतरही आत वाइन टिकून होती.

हे काम आपल्या मुलखातही आलं. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फ्रेंच तंत्र आणून फेसाळ वाइन केली आणि ती परदेशातही विकली. पुढे ती कंपनी कर्जाखाली बसली. आज नाशिक-दिंडोरीकडे हा माल होतो. तिथे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या. फेसाळ वाइनचं द्राक्ष आंबटपणा शिल्लक असतानाच लवकर उतरवतात. हवा वेगळी, काम तेच, आणि पैशाचं थांबणंही तेच.

पुढच्या वेळी गावी गेलात तर एवढं करा. ज्या घरात कर्ता माणूस गेला आहे तिथे शेत आता कोण करतं ते बघा. बहुतेक घरी बाईच करत असेल. मग विचारा, पासबुकावर नाव कुणाचं आहे. बार्ब-निकोलचं नशीब सासऱ्यांच्या एका होकाराने बदललं, आणि सहीच्या अधिकाराने. आपल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत अशा एखाद्या ओळखीच्या बाईची हकीकत कुणी लिहून आणली, तर ती या लेखापेक्षा जास्त कामाची ठरेल.