मंगळवारचा क्लास आणि औंधचे राजेसाहेब

पिनरला दर मंगळवारी सकाळी आमचा योगाचा क्लास असतो. गावातल्या एका हॉलमध्ये आम्ही पंधरा-सोळा जणी मॅट पसरतो. निम्म्या इंग्रज, निम्म्या गुजराती, मराठी मी एकटीच. शिकवणारी बाई मोठी जीव लावून शिकवते. आधी ताकदीचं, मग श्वासाचं, शेवटी दहा मिनिटं शवासन, असा तिचा क्रम ठरलेला. एकदा सूर्यनमस्कार घेताना तिनं सांगितलं, की हे हजारो वर्षांपूर्वी हिमालयातल्या ऋषींनी घातले आणि तिथून जसेच्या तसे आपल्यापर्यंत आले. मी तेव्हा भुजंगासनात होते, बोलायची सोय नव्हती. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच चाललं होतं. मी सातारा जिल्ह्यातली. माझे वडील औंधच्या शाळेत शिकले आणि त्यांनी सूर्यनमस्कार घातले ते ऋषींच्या नव्हे, राजाच्या हुकमानं.

तो राजा म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सगळे त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म १८६८चा. औंध संस्थान केवढं, तर ७२ गावं आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तीही सलग नाही, काही गावं इकडे साताऱ्याकडे, काही आटपाडीकडे, काही थेट विजापूरच्या बाजूला. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदवीधर. घराण्यातल्या बऱ्याच उलथापालथीनंतर १९०९ मध्ये ते गादीवर आले. तोवर चाळिशी उलटली होती.

आता गंमत बघा. ज्या माणसाचं नाव सूर्यनमस्काराशी कायमचं जोडलं गेलं, त्याची तरुणपणातली तालीम विलायती होती. त्या काळी लंडनमध्ये यूजेन सँडो नावाच्या जर्मन पहिलवानाचं मोठं प्रस्थ होतं. त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं टपालानं जगभर जात. बाळासाहेबांनी १८९७ मध्ये ती मागवली आणि चांगली दहा वर्षं नेमानं त्यांवर मेहनत केली. घरात नमस्कार नवे नव्हते, वडील घालत. पण घरचं ते घरचंच, त्याची किंमत आपल्याला बाहेर जाऊन आल्यावर कळते. (आम्हा परदेशी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!) पुढे मिरजेचे राजे, त्यांचे स्नेही, यांनी त्यांना नमस्काराकडे पुन्हा वळवलं. सँडोची साधनं बाजूला पडली ती पडलीच. मग नमस्कार शेवटपर्यंत सुटले नाहीत.

त्यांनी काय केलं, तर जे घरोघर, तालमीत, देवळात ज्याच्या त्याच्या पद्धतीनं चाललं होतं, त्याला एक शिस्त लावली. औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती. तळहात एकदा जमिनीवर टेकले की पुन्हा उभं राहीपर्यंत ते जागचे हलवायचे नाहीत. हे वाचायला सोपं वाटतं, करून बघा. पाय मागे नेताना आणि पुढे आणताना हात सरकावण्याचा मोह होतो आणि तो आवरला की पोटाला आणि कमरेला खरं काम लागतं. साष्टांगात कपाळ, छाती, तळहात, गुडघे आणि पाय टेकतात, पोट मात्र वर उचललेलं. प्रत्येक नमस्काराच्या आधी बीजाक्षर आणि सूर्याचं नाव: मित्र, रवी, सूर्य, भानू असं करत बारावं भास्कर. ह्रां, ह्रीं या उच्चारांचा घसा, छाती आणि पोट यांवर परिणाम होतो असं त्यांचं मत होतं. वडिलांचा अनुभव साधा होता. नावाचा क्रम चुकला की समजायचं, मन दुसरीकडे गेलं. आमच्या टीचरबाई ज्याला प्रेझेन्स म्हणतात आणि जो आणण्यासाठी डोळे मिटायला सांगतात, त्याचं काम त्या बारा नावांनी होत असे. वडील मोजायला चिंचोके ठेवत. नावं बारा, चिंचोकेही बारा, एक फेरी झाली की डब्यात परत.

राजेसाहेबांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. सक्ती मला आजही खटकते. व्यायाम काय, प्रार्थना काय, हुकमानं करून घेतलं की अर्धी मुलं चुकवणारच, आणि वडीलही त्यांतले होते हे त्यांनीच सांगितलेलं. आणखी एक खटकतं. नमस्कारानं जवळपास प्रत्येक दुखणं बरं होतं, असं राजेसाहेब मनापासून मानत आणि लिहीतही. तेवढं सगळं कुठल्याच व्यायामानं होत नाही. पण हुकूम देणारा माणूस स्वतः पहाटे उठून नमस्कार घालत होता, राणीसाहेब घालत होत्या, पोरंबाळं घालत होती. त्यामुळे सक्तीतला कडवटपणा बराच कमी झाला असावा.

नमस्कारानंतर दिवसभर या माणसाचं काय चालायचं, हे मला जास्त ओढ लावतं. त्यांच्या पद्धतीत आमच्या क्लाससारखं शवासन ठळकपणे दिसत नाही. त्यांचा विसावा वेगळा होता. ते चित्रं काढत. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या चित्रांचं चित्ररामायण छापलं. कीर्तन करत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाला त्यांनी हातभार लावला. पंडित सातवळेकर १९१८ पासून औंधला राहून वेदांचं काम करत होते, ते याच राजाच्या आश्रयानं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ त्यांनीच दिला, तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३५च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवर यमाईच्या वाटेवर त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आहे. सुट्टीत गावी गेलात तर चुकवू नका, तिथे रविवर्माही आहे आणि आपल्या इथल्या हेन्री मूरचं शिल्पही.

१९३६ मध्ये राजेसाहेब इंग्लंडला आले. आमच्या क्लासचा धागा इथे जुळतो. न्यूज क्रॉनिकल या लंडनच्या दैनिकाच्या लुईझ मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत घेतली. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचा हा माणूस इतका ताठ आणि टवटवीत कसा, याचं त्यांना नवल वाटलं. राणीसाहेबांकडे बघून तर जास्तच, कारण त्या बऱ्याच मुलांच्या आई होत्या आणि तसं वाटत नव्हतं. मॉर्गनबाईंनी पेपरात लिहिलं, आणि १९३८ मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशनानं राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या संपादनाखाली काढलं. नाव, द टेन-पॉइंट वे टु हेल्थ. चाळीस वर्षांपूर्वी लंडनहून औंधला व्यायामाचं सामान गेलं होतं. आता औंधहून लंडनला व्यायाम आला, आणि त्याला सामान काहीच लागत नव्हतं.

नमस्कार हे त्या वेळी योगासनांत धरले जात नसत, ती व्यायामाची गोष्ट होती. आसनं, प्राणायाम, विश्रांती हे शास्त्र म्हणून मांडण्याचं काम तिकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद करत होते, १९२४ पासून. हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले, आणि आज पिनरच्या मॅटवर आम्ही जे तासाभरात करतो ते त्या मिश्रणातून आलेलं आहे. सूर्याला नमस्कार करणं फार जुनं आहे, त्यात वाद नाही. पण या क्रमानं, इतक्या स्थितींत, शाळेच्या पटांगणावर रांगेत, हे आपल्या आजोबांच्या काळातलं.

पुस्तक निघालं त्याच १९३८ साली राजेसाहेबांनी आणखी एक गोष्ट केली, जी क्लासमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांनी राज्य सोडायचं ठरवलं.  मुलगा अप्पासाहेब ऑक्सफर्डहून शिकून आलेला, आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर, ज्यांना आपल्याकडे स्वामी भारतानंद म्हणत, हे दोघं गांधीजींकडे गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घटना तयार झाली. गांधीजींचा आग्रह होता की राजघराण्यानं साधं राहावं. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधच्या रयतेला स्वराज्याची घटना मिळाली, कारभार गावपंचायतींपासून वर रचलेला. सत्तरीत, अंगात जोर असताना, हातातली सत्ता त्यांनी आपण होऊन खाली ठेवली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैद्यांची वसाहत झाली तीही याच दिवसांत. औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी दो आँखें बारह हाथ काढला.

हा प्रयोग नऊ वर्षं चालला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि औंधची स्वतःची घटना संपली. वडील तेव्हा शाळकरी. गावातल्या जाणत्या लोकांचं म्हणणं त्यांना आठवायचं, की पंचायत आत्ता कुठे अंगवळणी पडत होती. राजेसाहेब १९५१ मध्ये गेले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

अप्पासाहेब पंत पुढे लंडनला भारताचे उच्चायुक्त होते, १९६९ ते १९७२, आणि वडिलांच्या नमस्कारांवर त्यांनीही पुस्तक लिहिलं. त्याआधी ते नैरोबीला भारताचे पहिले कमिशनर होते. हे मी क्लासनंतर चहाच्या वेळी सांगितलं, तर आमच्यातल्या एक गुजराती बेन कप खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं लहानपण नैरोबीचं. अप्पा पंत हे नाव त्यांच्या घरात रोजचं होतं, पण नमस्काराशी त्याचा काही संबंध असेल हे त्यांना माहीत नव्हतं. मग टीचरबाई येऊन बसल्या, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. उलट त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि उच्चार तीनदा घोटला.

डिसेंबरात आमचा क्लास सुरू होतो तेव्हा बाहेर जेमतेम उजाडलेलं असतं, आणि सूर्य त्या दिवशी दिसेलच असंही नाही. परवा टीचरबाईंनी हात जागचे न हलवता नमस्कार करून दाखवायला मला पुढे बोलावलं. सात झाले. सातवं नाव हिरण्यगर्भ. आठवं मात्र आठवेना, कारण सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. मग मी आडवी झाले आणि घरी येऊन चिंचोक्यांचा डबा शोधला. आता तो मॅटच्या पिशवीत असतो.