विश्लेषण : मित्राच्या गाडीचे ब्रेक आणि एका गुणाचे जगज्जेतेपद

७ सप्टेंबर १९५८ रोजी इटलीतील मोंझा येथे माइक हॉथॉर्न फेरारीच्या ज्या शर्यतीच्या गाडीत बसला, तिचे ब्रेक मूळचे तिचे नव्हते. पीटर कॉलिन्स या त्याच्या जिवलग मित्राच्या रोजच्या वापरातील गाडीतून ते काढलेले होते. कॉलिन्सला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. आणखी सहा आठवड्यांनी हॉथॉर्न ब्रिटनचा पहिला फॉर्म्युला वन जगज्जेता ठरला, तोही अवघ्या एका गुणाने. एका मॉडेलचे ब्रेक दुसऱ्या मॉडेलला बसवण्याचे प्रयोग आजही हौशी गाडीप्रेमी करतात. पण त्या बदलाची किंमत गुणांमध्ये मोजता यावी, असे प्रकरण विरळाच.

कोण होता माइक हॉथॉर्न?

जन्म १० एप्रिल १९२९, यॉर्कशरमधील मेक्सबरो. वडील लेस्ली हे मोटारसायकल शर्यतींचे शौकीन. ब्रुकलंड्सचा शर्यतमार्ग जवळ असावा म्हणून त्यांनी मुलगा लहान असतानाच सरे परगण्यातील फार्नहॅमला बस्तान हलवले आणि तिथे टूरिस्ट ट्रॉफी नावाचे गॅरेज चालवले. माइक त्या गॅरेजमध्येच वाढला. पुढे डेनिस या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत त्याने उमेदवारीही केली. म्हणजे गाडी नुसती पळवायची नव्हे, तर खोलायचीही, हे त्याला ठाऊक होते.

१९५० मध्ये जुन्या रायली गाडीतून त्याने स्पर्धांना सुरुवात केली आणि दोनच वर्षांत तो कूपर-ब्रिस्टलमधून जागतिक अजिंक्यपद मालिकेत उतरला. १९५३ मध्ये फेरारीने त्याला संघात घेतले. त्याच वर्षी फ्रान्समधील रीम्स येथे हुआन मॅन्युएल फँजिओशी चाकाला चाक लावून झुंजत त्याने सुमारे एका सेकंदाने शर्यत जिंकली. उंच, सोनेरी केसांचा हा तरुण शर्यतीतही गळ्यात बो-टाय बांधून बसायचा, म्हणून फ्रेंचांनी त्याला फुलपाखराचे टोपणनाव दिले.

१९५४ मात्र वाईट गेले. सिराक्यूजच्या शर्यतीत तो भाजला, जूनमध्ये वडील रस्ते अपघातात गेले आणि सक्तीची लष्करी सेवा तो टाळतो आहे, असा ओरडा मायदेशात झाला. त्याला मूत्रपिंडाचा विकार होता, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणी ऐकून घेतली नाही.

ल माँच्या दुर्घटनेत ब्रेकचा संबंध काय?

हॉथॉर्नच्या आयुष्यात ब्रेकचा विषय मोंझाच्या आधीही एकदा आला होता, आणि फार भीषण रीतीने. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथे २४ तासांच्या शर्यतीत तो जग्वार डी-टाइप चालवत होता. जग्वारने डनलप कंपनीबरोबर डिस्क ब्रेक विकसित केले होते आणि १९५३ मध्ये त्याच ब्रेकच्या जोरावर ही शर्यत जिंकलीही होती. मर्सिडीजच्या गाड्यांना अजून ड्रम ब्रेक होते. त्यांची ताकद अपुरी पडते म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला वाऱ्याला आडवी उभी राहणारी मोठी झडप बसवली होती.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हॉथॉर्नने लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हिलीला मागे टाकले आणि लगेच उजवीकडच्या पिटमध्ये थांबण्यासाठी ब्रेक लावला. तेव्हा पिटसाठी वेगळी मार्गिका नव्हती. मॅक्लिन त्याला चुकवण्यासाठी डावीकडे सरकला. मागून प्रचंड वेगात येणाऱ्या पिअर लव्हेची मर्सिडीज ऑस्टिन-हिलीच्या उतरत्या पाठीवर चढली आणि उडून प्रेक्षकांच्या दिशेने फेकली गेली. लव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. शर्यत थांबवली गेली नाही. मर्सिडीजने रात्रीच माघार घेतली. जग्वार मात्र पळत राहिली आणि हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब यांनी शर्यत जिंकली.

अधिकृत चौकशीत कोणाही चालकावर ठपका ठेवला गेला नाही. अरुंद मार्ग आणि पिटची रचना हेच मूळ दुखणे होते, हे मान्य करावे लागते. तरीही एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या ताकदीचे ब्रेक असलेल्या गाड्या सोडल्या, तर पुढचा किती अंतरात थांबेल याचा मागच्याचा अंदाज चुकू शकतो, हा धडा त्या संध्याकाळी मिळाला. हॉथॉर्नच्या नावामागे हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

आपल्याकडच्या अनेक मोटारसायकलींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, त्यामुळे दोन्ही प्रकार बहुतेकांच्या पाहण्यातले आहेत. ड्रममध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्याच्या आत दोन ब्रेक शू असतात. पेडल दाबले की ते बाहेरच्या बाजूला फाकतात आणि त्यांचे लायनर डब्याच्या आतल्या भिंतीवर घासतात. डिस्कमध्ये एक उघडी प्लेट फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो.

खरा फरक पडतो तो उष्णतेने. ब्रेक म्हणजे वेगाचे उष्णतेत रूपांतर. ड्रम तापला की तो प्रसरण पावून शूपासून दूर जातो. पेडल खोल जाऊ लागते. त्यात लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की जळका वास येतो आणि गाडी हवी तशी थांबत नाही, तोच हा प्रकार. डिस्क मात्र हवेत उघडी असल्याने लवकर थंड होते, आणि तापून जाड झाली तरी पॅडकडेच सरकते. म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीत शेवटच्या फेरीतही ती पहिल्या फेरीसारखी लागते. ड्रमवाल्याला मात्र ब्रेक जपून वापरावे लागतात, म्हणजे वळणाच्या कितीतरी आधीपासून वेग कमी करावा लागतो.

हे माहीत असूनही फेरारीने ड्रम का सोडले नाहीत?

एन्झो फेरारी यांचा जीव इंजिनात होता. बाकीच्या गोष्टींत आजमावलेले सोडून नवे धरायला ते सहसा राजी नसत. त्यांच्या १९५८ च्या डिनो २४६ या गाडीचे २.४ लिटरचे व्ही-६ इंजिन उत्तम होते. अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाचे, डिनोचे, नाव तिला दिलेले. पण चाकांत ड्रमच. प्रतिस्पर्धी व्हॅनवॉलला डिस्क होते आणि स्टर्लिंग मॉस व टोनी ब्रूक्स हे दोघेही ती गाडी चालवत होते.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, फेरारीच्याच एका चालकाकडे डिस्क ब्रेक लावलेली फेरारी होती! कॉलिन्सने आपल्या २५० जीटी या उघड्या टपाच्या गाडीला इंग्लंडमध्ये डनलपचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. म्हणजे बाजारहाटाला जायच्या गाडीला चांगले ब्रेक आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर धावणाऱ्या गाडीला जुने. कारखान्याने त्याकडे काणाडोळा केला, आणि हा हट्टीपणा होता असेच म्हणावे लागेल.

१९५८ मध्ये काय घडले?

हॉथॉर्न आणि कॉलिन्स ही जोडी १९५७ पासून फेरारीत एकत्र होती. दोघे एकमेकांना अर्ध्या फ्रेंच, अर्ध्या इंग्रजी टोपणनावाने हाक मारत; दोन्ही शब्दांचा अर्थ मित्र. ६ जुलै १९५८ रोजी रीम्सला हॉथॉर्न जिंकला, पण त्याच शर्यतीत तिसरा सहकारी लुइजी मुस्सो गेला. दोन आठवड्यांनी सिल्व्हरस्टोनला कॉलिन्स पहिला, हॉथॉर्न दुसरा. आणि ३ ऑगस्टला जर्मनीत नुर्बुर्गरिंगवर ब्रूक्सच्या व्हॅनवॉलचा पाठलाग करताना कॉलिन्सची गाडी रस्त्याबाहेर गेली. मागून येणाऱ्या हॉथॉर्नने ते डोळ्यांनी पाहिले. कॉलिन्स २६ वर्षांचा होता. तो अपघात ब्रेकमुळेच झाला, असे कधी सिद्ध झाले नाही.

तीन आठवड्यांनी पोर्तोला हॉथॉर्नला पुन्हा त्याच ड्रम ब्रेकशी झगडावे लागले. मॉस जिंकला. शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची गाडी घसरून बंद पडली आणि ती सुरू करण्यासाठी त्याने पदपथावरून उलट दिशेने उतारावर नेली. त्याला बाद करण्याचा प्रश्न आला तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष दिली ती खुद्द मॉसने. गाडी शर्यतीच्या मार्गावर नव्हतीच, असे मॉसने सांगितले आणि हॉथॉर्नचे सात गुण वाचले.

दुसऱ्या गाडीचे ब्रेक असे सहज बसतात का?

नाही. हौसेने गाडीला मोठे ब्रेक लावणाऱ्यांनी हा भाग नीट लक्षात घ्यावा. ड्रममध्ये फिरणारा डबा एका शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला आयती मदत मिळते. डिस्कमध्ये ती मदत नसते. म्हणून तेलाचा दाब जास्त लागतो, आणि मास्टर सिलिंडर किंवा पेडलची तरफ त्या हिशेबाने जुळवावी लागते. कॅलिपरला चाकाच्या आत जागा हवी. हबवर प्लेट बरोबर मध्यात बसायला हवी. सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते. मागचे ब्रेक त्या मानाने जोरकस असतील, तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते.

एक गोष्ट मात्र सोयीची होती. कॉलिन्सची गाडी एक टनाहून जड, तर डिनो साधारण त्याच्या निम्मीच. जड गाडीसाठी केलेले ब्रेक हलक्या गाडीला पुरून उरणार, हे उघड होते. शेवटी ते ब्रेक निघाले आणि हॉथॉर्नच्या डिनोला लागले.

मोंझात उपयोग झाला का?

मोंझा हा सरळसोट, वेगाचा मार्ग. तिथे ब्रेक कमी वेळा लागतात, पण लागतात तेव्हा फार मोठा वेग मारावा लागतो. मॉसची गाडी गिअरबॉक्समुळे बाहेर पडली. हॉथॉर्न शर्यतीच्या उत्तरार्धात आघाडीवर होता, पण त्याचा क्लच घसरू लागला आणि ब्रूक्स पुढे गेला. मागे असलेला सहकारी फिल हिल याने त्याला न ओलांडता तिसऱ्या स्थानावर समाधान मानले. हॉथॉर्न दुसरा आला, सहा गुण मिळाले.

त्या सहा गुणांचे मोल समजण्यासाठी तेव्हाचा नियम पाहावा लागतो. पहिल्या पाच क्रमांकांना ८, ६, ४, ३, २ आणि सर्वांत वेगवान फेरीला एक गुण. वर्षभरातील सर्वोत्तम सहा निकालच धरायचे. हॉथॉर्नचे धरलेले सहा निकाल ९, ७, ७, ७, ६, ६, एकूण ४२. मॉसचे ४१. मोंझात हॉथॉर्न दुसऱ्याऐवजी तिसरा आला असता, तर त्याची बेरीज ४० झाली असती आणि अजिंक्यपद मॉसकडे गेले असते. अर्थात श्रेय एकट्या ब्रेकचे नाही. हिलचा संयम आणि मॉसची साक्ष नसती, तरी हिशेब उलटाच झाला असता. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या, हॉथॉर्नने एकच. तेव्हा जास्त पात्र कोण, हा वाद आजही रंगतो.

कासाब्लांका आणि त्यानंतर

शेवटची शर्यत १९ ऑक्टोबरला मोरोक्कोतील कासाब्लांकाजवळ झाली. हॉथॉर्नला दोन क्रमांकाची गाडी मिळाली होती. मुस्सो आणि कॉलिन्स दोघेही दोन क्रमांकाच्याच गाडीत गेले होते. त्याने ती नाकारून सहा क्रमांक घेतला. मॉसने शर्यत आणि वेगवान फेरी दोन्ही जिंकले. आणखी काही करणे त्याच्या हाती नव्हते. हिलने पुन्हा वाट दिली, हॉथॉर्न दुसरा आला. व्हॅनवॉलचा स्टुअर्ट लुइस-इव्हान्स त्या शर्यतीत भाजला आणि सहा दिवसांनी गेला.

हॉथॉर्नने लगेच निवृत्ती जाहीर केली. लग्न ठरले होते, फार्नहॅमचे गॅरेज पाहायचे होते. २२ जानेवारी १९५९ रोजी गिल्डफर्डच्या बाह्यवळण रस्त्यावर, ओल्या रस्त्यात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात, त्याची जग्वार ३.४ घसरली, समोरून येणाऱ्या लॉरीला घासली आणि झाडावर आदळली. काही क्षण आधी त्याने एक मर्सिडीज मागे टाकली होती. जगज्जेता होऊन त्याला पुरते शंभर दिवसही झाले नव्हते. वय २९.

त्याच वर्षीच्या मोसमात फेरारीच्या शर्यतीच्या गाड्या डनलपचे डिस्क ब्रेक आणि डनलपचेच टायर लावून उतरल्या. पाठोपाठ ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या २५० जीटी गाड्यांनाही कारखान्यातूनच डिस्क ब्रेक येऊ लागले.