रायफल हलवली की खडखडते, पण ती बनवणाऱ्या यूजीन स्टोनर यांचं गणित पक्कं होतं

एम-१६ जातीची एखादी वापरलेली रायफल हातात घेऊन जरा हलवली, तर बारीक खडखड ऐकू येते. वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांवर किंचित डुलतात. नवख्या माणसाला वाटतं, झालं, रायफल ढिली झाली, आता नेम कसला लागतोय.

अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांमध्ये या खडखडीवर वर्षानुवर्षं खल चालू आहे. कुणी दोन भागांच्या मध्ये रबराची छोटी पाचर बसवतं, कुणी जरा जाड पिना घालतं, तर कुणी खालून स्क्रू लावून वरचा भाग घट्ट दाबून धरतं.

पण मुळात ही रायफल दोन तुकड्यांत का बनवली? आणि त्या दोन तुकड्यांत फट का राहिली? हे समजून घ्यायचं तर कॉलेजची पायरी न चढलेल्या एका माणसाची गोष्ट माहीत हवी. त्या माणसाचं नाव यूजीन स्टोनर.

स्टोनर यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९२२ चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या गॉस्पोर्ट या छोट्या गावातला. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. शाळा संपल्यावर पोरगा विमानाच्या कारखान्यात कामाला लागला. काम काय, तर विमानांवर शस्त्रं बसवायचं. दुसऱ्या महायुद्धात ते मरीन कोअरमध्ये गेले आणि तिथंही विमानांच्या तोफा-बंदुका दुरुस्त करत राहिले.

या दोन नोकऱ्यांनी त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसवल्या. पहिली, विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो, म्हणून पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरायचं. दुसरी, शस्त्र असं हवं की ते पटकन उघडता आलं पाहिजे आणि पटकन जोडता आलं पाहिजे.

१९५४ मध्ये स्टोनर आर्मालाइट या छोट्या कंपनीत मुख्य अभियंता म्हणून आले. एआर-१५ मधलं एआर म्हणजे असॉल्ट रायफल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. ते या आर्मालाइटच्या नावातलं एआर आहे.

इथं त्यांनी एआर-१० बनवली आणि तिच्यात खरी कमाल केली.

गोळी सुटते तेव्हा मागच्या बाजूला प्रचंड दाब येतो. जुन्या रायफलींमध्ये तो दाब बाहेरच्या पोलादी सांगाड्याला झेलावा लागे, म्हणून सांगाडा जड. स्टोनर यांच्या रचनेत बोल्टचे दाते थेट नळीच्या मागे बसवलेल्या पोलादी कड्यात अडकतात. दाब पोलादानं पोलादावरच झेलला. बाहेरच्या सांगाड्यावर तो भार आलाच नाही, त्यामुळं सांगाडा हलक्या अ‍ॅल्युमिनियमचा करता आला.

हा सांगाडा दोन भागांत होता. वरच्या भागात नळी, बोल्ट आणि नेम धरायचं साधन. खालच्या भागात ट्रिगर, मॅगझिन आणि दस्ता. दोन्ही भाग फक्त दोन पिनांवर जोडलेले. मागची पिन सरकवली की रायफल दाराच्या बिजागरीसारखी उघडते आणि आतलं सगळं साफ करता येतं.

आता त्या खडखडीचं उत्तर इथंच आहे. कारखान्यात हजारो वरचे भाग आणि हजारो खालचे भाग वेगवेगळे तयार होतात. कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर बसला पाहिजे, तोही युद्धभूमीवर, हातानं, अवजारांशिवाय. मग मापात थोडी जागा सोडावीच लागते. पावसाळ्यात फुगलेला लाकडी दरवाजा आठवा. चौकटीत अगदी घट्ट बसतो खरा, पण उघडताना घाम काढतो.

मग नेम चुकत नाही का? फारसा नाही. कारण नळी, बोल्ट आणि नेमाचं साधन ही तिन्ही वरच्याच भागात आहेत. खालचा भाग थोडा डुलला तरी या तिघांचं आपसातलं नातं बदलत नाही. पाचर लावली की हाताला बरं वाटतं, स्पर्धेतल्या नेमबाजाला खांद्याला टेकवलेली रायफल स्थिर वाटते, पण गोळी कुठं जाणार हे मुख्यतः नळी, गोळी आणि नेमबाज ठरवतात. पिनांची भोकंच झिजून लांबट झाली असतील तर मात्र तो खरा बिघाड.

तर पुन्हा स्टोनर यांच्याकडे. १९५७ मध्ये लष्करी चाचणीत एआर-१० ची प्रायोगिक नळी फुटली आणि अमेरिकन लष्करानं जड एम-१४ रायफल निवडली. आर्मालाइटनं मग तीच रचना लहान काडतुसासाठी आखली, त्यात जिम सुलिव्हन आणि रॉबर्ट फ्रीमाँट या सहकाऱ्यांचा मोठा हात होता. ही एआर-१५. वजन तीन किलोच्या आसपास, तर एम-१४ चार किलोच्या वर.

१९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीला विकले गेले. पुढच्या वर्षी हवाई दलाचे जनरल कर्टिस लमे यांनी एका पार्टीत या रायफलीनं कलिंगडं उडवली आणि ते तिच्या प्रेमातच पडले. आधी हवाई दल, मग लष्कर असं करत ती एम-१६ या नावानं व्हिएतनामला पोहोचली.

आणि तिथं घात झाला.

स्टोनर यांनी रायफल ज्या दारूवर बेतली होती, ती दारू १९६४ मध्ये बदलण्यात आली. नव्या दारूनं रायफलीचा वेग वाढला आणि आत काजळी जास्त साचू लागली. नळीच्या चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळं व्हिएतनामच्या दमट हवेत गंज धरला. त्यात ही रायफल साफ करावीच लागत नाही अशी समजूत पसरलेली, आणि सफाईचं साहित्यही पुरेसं पाठवलेलं नाही.

परिणाम काय, तर गोळी सुटल्यावर पुंगळी आतच अडकून बसायची. समोरून गोळ्या येत असताना सैनिक नळीत गज घालून पुंगळी बाहेर ढकलत बसायचा. १९६७ मध्ये खे सान्हजवळच्या लढाईनंतर मरीन जवानांची पत्रं घरी आणि तिथून खासदारांपर्यंत पोहोचली. अडकलेल्या रायफलीशेजारी मृतदेह सापडत होते.

अमेरिकन संसदेनं रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्टोनर यांनाही साक्षीला बोलावलं. दारू बदलायचं ठरून गेल्यावर आपलं मत विचारलं गेलं आणि ते आपण विरोधातच दिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. समितीनं दारूबदलावर बोट ठेवलं आणि लष्कराच्या कारभारावर अत्यंत कडक ताशेरे ओढले.

पुढं चेंबरला क्रोम लागला, आतला बफर सुधारला, सफाईचं साहित्य प्रत्येकाला मिळालं. रायफल कशी जपायची हे सांगायला विल आइसनर या नामवंत कॉमिक्स चित्रकाराकडून चित्रपुस्तिका काढून घेतली. ती दोन पिनांवर उघडणारी रचना मात्र तशीच राहिली. दोष तिच्यात नव्हताच. उलट रायफल झटकन उघडून साफ करायची सोय तिनंच दिली होती.

स्टोनर यांनी पुढं सुटे भाग बदलून रायफलची मशीनगन करता येईल अशी स्टोनर ६३ बनवली, ती नेव्ही सील्सनी व्हिएतनाममध्ये वापरली. १९९० मध्ये त्यांची आणि एके-४७ वाल्या मिखाईल कलाश्निकोव्ह यांची अमेरिकेत भेट झाली. ज्यांच्या रायफली जगभर एकमेकींसमोर उभ्या होत्या, ते दोघं एकत्र फिरले, एकमेकांच्या रायफली चालवून पाहिल्या. २४ एप्रिल १९९७ रोजी फ्लोरिडात वयाच्या ७४ व्या वर्षी स्टोनर गेले.

त्यांची रचना आपल्याकडेही आहे. २०१९ मध्ये भारतानं अमेरिकेतून ७२,४०० सिग ७१६ रायफली घ्यायचा करार केला. तिची आतली यंत्रणा थोडी वेगळी आहे, पण वरचा भाग, खालचा भाग आणि दोन पिना हा सांगाडा स्टोनर यांच्याच वळणाचा.

व्हिएतनाममध्ये जवानांचा जीव घेतला तो दोन भागांमधल्या केसाएवढ्या फटीनं नाही. तो घेतला रायफल बनवणाऱ्याला न विचारता कागदावर घेतलेल्या निर्णयानं. ती फट ऐकू येत होती, हा निर्णय मात्र पुंगळी अडकेपर्यंत कुणाला ऐकूच आला नाही.