धाकट्यांसाठी वाट करणारा गोलंदाज

1923 साली चौरंगी क्रिकेट सामन्यांत विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार म्हणून मैदानात उतरले आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद हिंदूंनी मिळविले. युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा चार संघांत होणाऱ्या या सामन्यांना त्या काळी केवढे महत्त्व होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला. तोपर्यंत हिंदू संघाचे नेतृत्व हाच या देशातील हिंदू क्रिकेटपटूच्या वाट्याला येऊ शकणारा सर्वांत मोठा मान होता. तो मान चर्मकार समाजात जन्मलेल्या, म्हणजे तत्कालीन रूढीने अस्पृश्य ठरविलेल्या एका खेळाडूस मिळाला, ही घटना सामान्य नव्हे. विठ्ठल यांची योग्यता वादातीत होती. परंतु त्यांच्याहूनही थोर खेळाडू असलेले त्यांचे वडील बंधू बाळू पालवणकर यांना मात्र हे पद सबंध कारकिर्दीत एकदाही देण्यात आले नव्हते. धाकट्या भावाच्या या सन्मानामागे थोरल्याची तीस वर्षांची कमाई उभी होती.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन ही मुले खेळू लागली. शिक्षण फारसे झाले नाही. पोटासाठी बाळूंनी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात नोकरी धरली. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरविणे हे काम. पगार दरमहा तीन रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले, तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी उभारणे, खेळपट्टी तयार करणे, टेनिसच्या मैदानावर रेघा आखणे अशी कामे करता करता साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

जे. जी. ग्रेग हे त्या काळचे हिंदुस्थानातील एक अव्वल इंग्रज फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी ते त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. चार रुपयांचे आणे होतात चौसष्ट. म्हणजे ग्रेगसाहेबांना महिन्यात आठ वेळा बाद केले की पगाराइतकी रक्कम हाती यावी! एवढी उत्तेजक मजुरी पुण्यातल्या दुसऱ्या कोणत्याही कारखान्यात त्या वेळी क्वचितच मिळत असेल. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या या तरुणाच्या हाती तेथे कधी कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा आनंद आणि गोलंदाजी हे नोकराचे श्रम, अशी ती विभागणी होती. क्रिकेटला मैदान लागते, साहित्य लागते आणि सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे मोकळा वेळ लागतो. यांपैकी काहीही ज्याच्यापाशी नव्हते, त्याने दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्याच्या साहित्याने, दुसऱ्यानेच विकत घेतलेल्या आपल्या वेळात आपली कला घडविली. डावखुऱ्या हाताची ती फिरकी, तो अचूक टप्पा आणि चेंडूच्या वेगातील ते फसवे बदल ही अशा रोजंदारीतून साठलेली पुंजी होती.

या पुंजीचा बोलबाला होताच पुण्यातील हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत. बाळू घ्यावेत तर सोवळे आड येते. ग्रेग यांनी वृत्तपत्राच्या प्रतिनिधीजवळ बोलताना बाळूंना वगळणे हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत दिले, तेव्हा कोठे पारडे झुकले. बाळू संघात आले. अर्थात मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, आणि चहाच्या वेळी मात्र बाळूंनी तंबूबाहेर उभे राहून टाकाऊ मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा, जेवताना त्यांचे पान निराळे असावे, अशी तडजोड झाली. बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती विटाळ न होता पोहोचत होता. कपबशीला तेवढा विटाळ होता. न्यायमूर्ती रानड्यांनी एका समारंभात त्यांना हार घातला, असे सांगतात. असे हार गळ्यात पडले तरी जेवणाचे पान वेगळेच राहिले, ही गोष्ट पुण्याच्या तत्कालीन सुधारणेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या त्या वर्षांत, बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश मिळाला. तोही सहजासहजी नव्हे, तर काही सुज्ञ सभासदांनी धरलेल्या आग्रहामुळे. नोकरी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत मिळाली. मुंबई हे कारखान्यांचे आणि व्यापाराचे शहर. येथील सोवळे पुण्याइतके कडक नव्हते. बाळूंच्या पाठोपाठ शिवरामही हिंदू संघात आले आणि फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत युरोपियनांविरुद्ध झालेल्या सामन्यात दोघेही बंधू एकत्र खेळले. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या, तर युरोपियनांना 191 व 102 धावांतच गुंडाळले. 109 धावांच्या या विजयात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. राज्यकर्त्यांचा मैदानावर झालेला पराभव सगळ्या देशात गाजला. सुधारकी वृत्तपत्रांनी मात्र धावसंख्येपेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधू इतर सभासदांबरोबर जेवत होते. हजारो तरुण हिंदूंची मने उदार करण्याचे काम इतर क्षेत्रांतील सगळ्या प्रयत्नांपेक्षा या एका गोष्टीने अधिक केले, असा त्या वृत्तपत्रांचा अभिप्राय पडला.

शिवरामांमागून गणपत आणि त्यांच्यामागून विठ्ठल. एकाच घरातील चार भाऊ हिंदू संघाकडून खेळले. हा रक्ताचा गुण म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण रक्ताने जिमखान्याचे दार उघडत नाही. बाळू ज्या पंगतीत बसले त्या पंगतीत शिवरामांना बसविताना वाद पूर्वीइतका उरला नाही, आणि विठ्ठल यांच्या वेळेस तर संघाला पालवणकर या नावाची सवय झालेली होती. खेळाडूंनी उपेक्षित मुलांना मार्गदर्शन करावे, असे आज वारंवार म्हटले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु बहुधा त्याचा अर्थ बक्षीस समारंभास हजर राहणे, दोन प्रोत्साहनपर शब्द बोलणे आणि स्वाक्षऱ्या देणे एवढाच घेतला जातो. मुलाची खरी अडचण उत्साहाच्या अभावाची नसते. त्याला सरावासाठी वेळ हवा असतो, त्याकरिता पोटाची सोय हवी असते, आणि संघ निवडणाऱ्यांच्या खोलीत त्याचे नाव घेणारे कोणी तरी हवे असते. बाळूंपाशी देण्याजोगा पैसा नव्हता, वक्तृत्व नव्हते. संघातील त्यांच्यावाचून अडणारी जागा तेवढी होती, आणि तिच्यामुळेच धाकट्यांची नावे त्या खोलीत घेतली जाऊ लागली.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. संघ म्हणून हा दौरा फारसा यशस्वी झाला नाही. 23 सामन्यांपैकी 15 गमावले. पस्तीस वर्षांच्या बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून 114 गडी बाद केले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी एकट्याने 11 बळी घेतले, तर सॉमरसेटविरुद्ध अवघा एक गडी शिल्लक असताना मिळालेल्या विजयात शिवरामांचे नाबाद शतक होते. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे बाळूंचा सत्कार झाला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजातील वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, अशी नोंद आहे. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्याचेही घराणे मूळचे कोकणातले आणि वडील लष्करातले. शाळेत वेगळे बसविल्या गेलेल्या या मुलाच्या पिढीने आपल्यापैकी कोणाला राज्यकर्त्यांच्या देशात जाऊन त्यांच्याच खेळात त्यांना बाद करताना प्रथमच पाहिले होते. आंबेडकरांना बाळूंविषयी त्या काळात वाटणारा अभिमान सर्वश्रुत आहे. बाळूंनी या मुलांना काही शिकविले असे नाही. पण त्यांच्या अस्तित्वाने ती काही शिकली.

कर्णधारपदाचा प्रश्न मात्र चेंडूच्या फिरकीने सुटणारा नव्हता. गोलंदाजाची उपयुक्तता बळींच्या संख्येवरून ठरते आणि ती संख्या कोणालाही नाकारता येत नाही. कर्णधार आज्ञा देतो. ब्राह्मण खेळाडूंनी चर्मकाराच्या आज्ञेत राहावे काय, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर दर वर्षी मुकाट्याने नकारार्थी दिले जात होते. 1913 साली एम. डी. पै यांची निवड झाली. हा मान वस्तुतः अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा आहे, असे पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले; ही त्यांची थोरवी. परंतु थोरवीने निवड समिती बदलली नाही. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, आणि पै आजारी पडल्यावर नेतृत्व विठ्ठल यांना डावलून तरुण दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले. देवधर गुणी खेळाडू होते यात शंका नाही. त्यांचे पुढील कर्तृत्व सर्वांना ठाऊक आहे. पण हा निर्णय गुणांवर झालेला नाही, हे शिवराम आणि विठ्ठल यांनी ओळखले. ते दोघे संघातून बाहेर पडले आणि आपण का बाहेर पडलो, हे त्यांनी जाहीर निवेदनाने लोकांसमोर मांडले.

पालवणकर घराण्याच्या इतिहासातील हा क्षण कोणत्याही विजयापेक्षा मोलाचा मानावा लागेल. थोरल्या भावाने वीस वर्षे अपमान गिळून गोलंदाजी केली. त्याखेरीज त्याला इलाज नव्हता. एकटा मनुष्य बाहेर पडला असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता आणि गोष्ट तेथेच संपली असती. धाकट्यांपाशी थोरल्याने मिळविलेले नाव होते, म्हणून त्यांना नाही म्हणणे परवडले. या निषेधाचा परिणामही लगेच झाला. पुढच्याच सामन्यात पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले, शिवराम आणि विठ्ठलही परत आले, आणि सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालेले तेवढेच काय ते कर्णधारपद, आणि तेही बदलीवरचे! पुढे तीन वर्षांनी विठ्ठल यांची निवड झाली. महात्मा गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीने तोवर वातावरण पुष्कळ पालटलेले होते, हेही नमूद केले पाहिजे.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात पडले. येथे त्यांचा आणि मानपत्र लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा मार्ग भिन्न झाला. 1932 च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांप्रमाणे बाळूंचीही सही आहे; पण करारात तडजोड व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत बाळू होते आणि नाइलाजाने तडजोड स्वीकारणाऱ्यांत आंबेडकर. 1935 साली येवल्यास आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केली, तिला बाळूंनी विरोध केला. 1937 च्या निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेसाठी काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली आणि बाळूंना 11,225.

या पराभवावरून बाळूंना प्रतिगामी ठरविण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. ज्या मनुष्याने हिंदूंच्या पंगतीत एक एक हात पुढे सरकत आपली जागा मिळविली, त्याचा त्या पंगतीवर विश्वास बसणे स्वाभाविक होते. आयुष्यभराच्या कमाईला एकदम निरर्थक म्हणणे कोणाला साधते? उलट, पुढच्या पिढीला ती जागा अपुरी वाटली आणि तिने सगळी पंगतच नाकारली, हेही तितकेच स्वाभाविक होते. ज्याला आदर्श मानले त्याच्याच विरुद्ध मते मागण्याइतका हा तरुण स्वतंत्र झाला, यात बाळूंचा पराभव किती आणि वाटा किती, याचा हिशेब मतपेटीतून निघत नाही.

बाळूंनी आत्मचरित्र लिहिले नाही. विठ्ठल यांनी 1948 साली आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून प्रसिद्ध केले. चार भावांची पुष्कळशी हकीकत त्या पुस्तकामुळेच शिल्लक राहिली. तरीही क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला बाळूंचा जवळजवळ विसर पडला, आणि रामचंद्र गुहा यांचे भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास सांगणारे इंग्रजी पुस्तक 2002 साली निघाले तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. 33 प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 179 बळी, सरासरी पंधरा धावांच्या जवळपास, अशी त्यांची नोंद आहे. 4 जुलै 1955 रोजी बाळू मुंबईत निवर्तले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्यांचे मानपत्र लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने लाखो अनुयायांसह नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.