मेडिकल कोडिंगची मुळे कुठे? जाणून घ्या डॉ. जाक बर्तियाँ यांच्याविषयी

पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात मेडिकल कोडिंग शिकणारे विद्यार्थी ‘आयसीडी’ कोड पाठ करतात. त्यांचे मूळ डॉ. जाक बर्तियाँ यांच्या यादीत आहे. १८५१ मध्ये पॅरिसला जन्मलेले बर्तियाँ डॉक्टर झाले. पण रमले आकडेवारीत. १८८३ मध्ये वडिलांनंतर ते पॅरिसच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा एकाच आजाराची नोंद ठिकठिकाणी वेगळ्या नावाने होई. त्यामुळे कोणता आजार कुठे जास्त बळी घेतो, हेच कळत नसे. १८९३ मध्ये शिकागोत त्यांनी मृत्यूच्या कारणांची सामाईक यादी मांडली. १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत २६ देशांच्या प्रतिनिधींनी ती सुधारली. १९२२ मध्ये बर्तियाँ यांचे निधन झाले. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ही यादी सांभाळते. आज ‘आयसीडी-१०’मध्ये श्वसनमार्गाच्या क्षयरोगाचा कोड कोणत्याही देशात ‘ए’ अक्षरानेच सुरू होतो.