गिरणीत हवा खेळवणारा मालक

टाटा म्हटलं की आपल्याला मीठ आठवतं, चहा आठवतो, रस्त्यावरचे ट्रक आठवतात. पण मैत्रिणींनो, या उद्योगाचा पाया घालणाऱ्या जमशेटजी टाटांची खरी ओळख करून घ्यायची, तर नागपूरच्या एका कापड गिरणीत शिरायला हवं.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीला, पारशी पुरोहितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या व्यापारात पडले. इतर लोक मुंबईत गिरण्या काढत होते, यांनी मात्र नागपूर निवडलं. कापूस जवळ, कोळसा जवळ, शिवाय रेल्वे. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

गिरणी उभी राहिली, पण कामगार रोज येईनात. एखादा मालक म्हणाला असता, खाडा केला ना, मग कापा मजुरी! जमशेटजींनी उलटा विचार केला. माणसाला यावंसं वाटेल असं कामाचं ठिकाण हवं, हे त्यांनी ओळखलं.

नागपूरचा उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. त्यात यंत्रांची धग आणि नाकातोंडात जाणारा कापूस. त्यांनी गिरणीत हवा खेळती ठेवली, हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं बसवली, आग विझवणारे पाण्याचे फवारे लावले. ओलाव्यानं सूतही कमी तुटतं, म्हणजे फायदा दोघांचाही! कामगारांसाठी खेळांचे दिवस, कुटुंबांचे मेळावे, बक्षिसं सुरू झाली. १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. सरकारी भरपाई कायदा आला तो १९२३ मध्ये! हळूहळू माणसं टिकली आणि गिरणीनं उत्तम नफा कमावला.

सगळंच गोड होतं असं नाही बरं का. १८७७ सालीच इथल्या कामगारांनी मजुरीच्या दरावरून संप केला होता. सोयी कितीही केल्या, तरी त्या पगाराची जागा घेऊ शकत नाहीत, हेही यातून दिसतं.

पोलाद कारखान्याचं स्वप्न जमशेटजींच्या हयातीत पुरं झालं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. पण कारखान्याची जागाही ठरलेली नव्हती, तेव्हा १९०२ मध्येच त्यांनी मुलाला, दोराबजींना, पत्रातून कळवलं होतं की कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडं, बागा, खेळाची मैदानं आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळं हवीत. तेच पुढे जमशेदपूर झालं. तिथल्या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला आणि १९२८ मध्ये बाळंतपणाचा लाभ.

एम्प्रेस मिल आज बंद आहे, पण तिचा धडा जुना झालेला नाही. आपल्या गावातल्या कापड दुकानात दिवसभर उभी असलेली मुलगी, शिवण कारखान्यात वाकून बसलेली बाई, आपल्या घरी धुणंभांडी करणारी मावशी यांना बसायला स्टूल, प्यायला पाणी, स्वच्छ संडास आणि आजारपणात भरपगारी सुट्टी मिळते का? हे उपकार नव्हेत. दुखरी कंबर आणि तहानलेला घसा घेऊन कुणाचंच काम नीट होत नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका गिरणीमालकाला हे कळलं होतं. आपण निदान आपल्या उंबरठ्यापासून सुरुवात करू या.